माशीने धरलेला मासा

जानेवारीतला रविवार, सकाळचे साडेनऊ, तापमान शून्याच्या जेमतेम एक अंश वर. अशा वेळी शहाण्या माणसाने दुलईत असावं. मी मात्र शेफील्ड शहराच्या मधोमध, डॉन नदीत मांडीभर पाण्यात उभा होतो. डावीकडे बंद पडलेल्या कारखान्याची काळपट विटांची भिंत, उजवीकडे पाण्यात आडवी झालेली सुपरमार्केटची ढकलगाडी आणि हातात नऊ फुटांची काठी. दर दहा मिनिटांनी काठीच्या कड्यांमध्ये बर्फ धरत होतं आणि दोरी अडत होती. मग तोंडाची वाफ देऊन ते वितळवायचं आणि पुन्हा गळ टाकायचा.

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प बसली. मग म्हणाली, "एवढी पीएचडी केलीस ती शेवटी गळ टाकत बसायला होय रे?" पुढचा प्रश्न लगेच आला. "मग मिळाला का काही?" मिळाला, पण सोडून दिला, असं सांगितल्यावर मात्र तिने फोन बाबांकडे दिला.

तर आज त्या सोडून दिलेल्या माशाबद्दल. त्याच्या निमित्ताने एका नदीबद्दल, आणि नदी नक्की कोणाची या जुन्या भांडणाबद्दल.

आपल्याकडचा गळ सगळ्यांना माहीत असतो. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची आणि वाट बघायची. इथे 'फ्लाय फिशिंग' म्हणून जो प्रकार चालतो त्यात खाणं नसतंच. बारीक गळावर पिसं, लोकर, रेशीम, तांब्याची तार गुंडाळून एक खोटा किडा बनवायचा. त्याला म्हणायचं 'फ्लाय', म्हणजे माशी. माशीने मासा धरायचा! मराठीत ही कोटी आपोआप होते, इंग्रजांना बिचाऱ्यांना ती सुचणं शक्य नाही. या माशीला वजन जवळजवळ नसतं, म्हणून ती लांब फेकता येत नाही. त्यामुळे वजन दोरीला दिलेलं असतं. आपण माशी फेकत नाही, दोरी फेकतो. चाबूक फिरवावा तशी काठी मागे-पुढे केली की दोरीत एक वळसा तयार होतो, तो उलगडत पुढे जातो आणि माशी त्याच्या टोकाला बसून फुकट प्रवास करते. पहिले दोन महिने माझी माशी पाण्यापेक्षा माझ्या टोपीत आणि काठावरच्या झाडांत जास्त अडकायची.

हा उद्योग फार जुना आहे. सुमारे १८०० वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातल्या लोकांचं वर्णन करून ठेवलंय. ते गळाला लाल लोकर गुंडाळायचे, त्यावर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं बांधायचे, आणि सहा फुटांच्या काठीला तेवढीच लांब दोरी लावायचे. आज मी जे करतो त्याची कृती यापेक्षा फारशी वेगळी नाही. इंग्रजीत या विषयावरचा छापील मजकूर १४९६ सालचा आहे, आणि त्यात बारा माश्यांच्या कृती दिलेल्या आहेत. पुढे साम्राज्य पसरलं तशी सामानाची यादीही पसरली. काठ्यांसाठी कलकत्त्याहून बांबू येऊ लागला. सामनच्या दिमाखदार माश्यांसाठी ज्या पिसाला सगळ्यात जास्त मान होता ते कुठलं असावं? आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं! त्या पिसावर लाखेचे ठिपके लावल्यासारखी चमक असते. आता तो पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. पण शेफील्डमध्ये एका म्हाताऱ्याच्या डब्यात जुनी पिसं पाहिली, तेव्हा महाबळेश्वरच्या रानात पहाटे ऐकलेलं त्याचं ओरडणं आठवलं.

हा म्हातारा म्हणजे माझा गुरू. आमच्या गल्लीत राहतो, जन्मभर पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर काम केलेला. मी धातूंच्या प्रयोगशाळेत काम करतो हे कळल्यावर त्याने मला चहाला बोलावलं. मी कागदावर शिकलेलं पोलाद त्याने डोळ्यांनी, रंगावरून ओळखलेलं होतं. इथले म्हातारे पुरुष पुरुषांनासुद्धा 'लव्ह' म्हणून हाक मारतात. पहिल्यांदा दचकायला होतं, मग सवय होते. मी त्याला मनातल्या मनात आजोबा म्हणतो. गळ कसा टाकायचा ते त्यानेच शिकवलं, आणि पुढच्या इतिहासाचा अर्धा भागही.

हिवाळ्यातच का, हा प्रश्न मीही त्याला विचारला होता. त्याचं उत्तर म्हणजे तो मासा. नाव ग्रेलिंग. रुपेरी-जांभळट अंग आणि पाठीवर गलबताच्या शिडासारखा मोठा पर. 'नदीची बाईसाहेब' असं त्याचं इथलं लाडाचं नाव आहे. शास्त्रीय नाव थायमॅलस, कारण ताज्या माशाला थाइम नावाच्या पाल्याचा वास येतो म्हणे. थाइममधला वासाचा मुख्य घटक थायमॉल, आणि आपल्या ओव्यातही तोच असतो. म्हणजे हा झाला ओव्याच्या वासाचा मासा! मी प्रत्येक वेळी हुंगून पाहतो. खरं सांगायचं तर मला काकडीचा वास येतो.

नदीतला दुसरा मानाचा मासा ट्राउट. तो हिवाळ्यात अंडी घालतो, त्यामुळे यॉर्कशरमध्ये सप्टेंबरअखेर ते मार्चअखेर त्याला धरायला बंदी असते. ग्रेलिंग अंडी घालतो वसंतात. म्हणून ऐन थंडीत तो अंगाने भरलेला असतो, आणि पाणी गोठायला आलं तरी तळाशी पोहणारे कोळंबीसारखे बारीक जीव आणि किड्यांच्या अळ्या टिपत राहतो. साडेतीनशे वर्षांपूर्वीसुद्धा लोकांना हे ठाऊक होतं. आयझॅक वॉल्टनचं 'द कंप्लीट अँग्लर' १६५३ साली आलं. १६७६ च्या पाचव्या आवृत्तीत त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने खास माशीने मासेमारी करण्यावर दुसरा भाग लिहून जोडला. ग्रेलिंग हा हिवाळ्यातला मासा, असं त्याने त्यात सांगून टाकलंय. वर्षभराच्या माश्यांची महिनावार यादी दिलीय, आणि ती चक्क जानेवारीपासून सुरू होते. कॉटन स्टॅफर्डशरचा जमीनदार. कर्जबाजारी, पण दिलदार. डव्ह नदीच्या काठी त्याने १६७४ साली मासेमारीसाठी एक चौकोनी दगडी खोली बांधली आणि दारावर आपली आणि वॉल्टनची अक्षरं एकमेकांत गुंफून कोरली. पुढे त्याला वाडवडिलांची जहागीर विकावी लागली, पण ती खोली अजून उभी आहे.

इथपर्यंत सगळं रम्य आहे. पण इंग्रज माणूस एका बाबतीत आपल्याला अगदी जवळचा. त्याने माशांतही वर्णव्यवस्था आणली! सामन आणि ट्राउट हे 'गेम' मासे, म्हणजे खानदानी. बाकीचे सगळे 'कोर्स', म्हणजे ओबडधोबड, सामान्य. खानदानी मासे खानदानी लोकांनी माशीने धरायचे, सामान्यांनी किडे लावून सामान्य मासे धरायचे. या उतरंडीत ग्रेलिंग मधेच लोंबकळतो. कूळ पाहावं तर सामनचंच. पाठीवर शेपटीजवळ त्या कुळाची खूण असलेला छोटा मांसल परही आहे. पण वागणूक सामान्यांची आणि कायद्यातही गणना सामान्यांत. म्हणजे आईबाप सोवळ्यातले आणि मुलगा पंगतीबाहेर.

दक्षिण इंग्लंडमध्ये चुनखडीच्या जमिनीतून येणाऱ्या काचेसारख्या स्वच्छ नद्या आहेत. तिथले पट्टे श्रीमंत क्लबांच्या मालकीचे. तिथे ग्रेलिंगला उपद्रवी समजायचे, कारण तो ट्राउटच्या ताटातलं खातो. नदीवरचे राखणदार जाळी लावून त्याला काढायचे आणि फेकून द्यायचे. विल्टशरमधल्या एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचा एक विलक्षण राखणदार होता. शाळा फारशी न शिकलेला, पण पाण्यात तासन् तास बघत राहून किड्यांच्या हालचाली टिपणारा. त्याने ग्रेलिंग कमी करण्यासाठी एक साधीशी माशी बनवली. गळावर तांब्याची तार आणि त्यावर मोजे रफू करायची करडी-गुलाबी लोकर, बस्स. ती माशी 'किलर बग' या नावाने ओळखली जाते. लोकर ठरावीक कंपनीची, ठरावीक नंबरची, चॅडविक ४७७. पुढे ती लोकर निघणं बंद झालं तेव्हा लोक तिच्या जुन्या पुठ्ठ्यांसाठी दुकानं धुंडाळत फिरले. गंमत अशी, की ज्या माशीचा जन्म ग्रेलिंगला संपवण्यासाठी झाला तीच आज ग्रेलिंगवर प्रेम करणाऱ्यांच्या डब्यात पहिल्या रांगेत असते. १९७७ साली तर या माशाच्या जतनासाठी ग्रेलिंग सोसायटीच स्थापन झाली. माझ्या डब्यातही किलर बग आहेत, पण लोकर साध्या दुकानातली. माशाने अजून तक्रार केलेली नाही.

आता शेफील्डकडे येऊ. हे शहर पाच नद्यांवर वसलंय: डॉन, शीफ, रिव्हलिन, लॉक्स्ली आणि पोर्टर. वाहत्या पाण्यावर चाकं फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावायची, हा इथला शेकडो वर्षांचा धंदा. त्यासाठी नद्यांवर ठिकठिकाणी बंधारे घातले. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवायची पद्धत इथे बसवली, १८५८ मध्ये हेन्री बेसेमरने आपला कारखाना काढला आणि १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्लीने इथेच स्टेनलेस पोलाद बनवलं. आपल्या स्वयंपाकघरातल्या ताटवाट्यांचं मूळ म्हणायचं तर ते या नदीकाठी.

पण प्रत्येक बंधारा म्हणजे समुद्रातून वर येणाऱ्या सामनच्या वाटेतली भिंत. पुढे नदीत भट्ट्यांचं गरम पाणी, पोलाद धुतलेलं आम्ल, कोळशाच्या वायूचं डांबर आणि वाढत्या शहराचा मैला हे सगळं येऊ लागलं. भट्टीवर राबणाऱ्या कामगाराला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळायचा आणि त्याला गळ टाकायला नदी हवी होती. दारातली नदी नासलेली, खेड्यातल्या स्वच्छ नद्या जमीनदारांच्या. मग त्यांनी पबमध्ये मंडळं काढली, वर्गण्या गोळा केल्या, आणि रेल्वेने लिंकनशरच्या विदम नदीवर, कालव्यांवर जाऊन स्पर्धा भरवू लागले. आजोबांच्या आजोबांच्या काळची ही गोष्ट, पण घराच्या अंगणात घडल्यासारखी ते सांगतात.

या मंडळांचं एक दुःख होतं. सामनच्या रक्षणासाठी १८६१ सालीच कायदा झाला होता. गरिबांच्या माशांना मात्र कोणी वाली नव्हता. वसंतात अंडी घालायला उथळ पाण्यात जमलेले मासे कोणीही जाळ्यांनी उपसून न्यावेत. आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्यांतून चढणीचे मासे वर येतात आणि सगळं गाव टोपल्या घेऊन धावतं, तसंच. फरक इतकाच, की आपल्या कोळ्यांनी समुद्रापुरती नारळी पौर्णिमेची मर्यादा पूर्वीपासून पाळली. पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवायच्या आणि नारळ वाहिल्यावरच पाण्यात लोटायच्या. शेफील्डच्या कामगारांनी अशीच मर्यादा कायद्याने मागितली. मासे धरू नका असं मासे धरणाऱ्यांनीच म्हणायचं, याला धैर्य लागतं.

त्यांचं म्हणणं संसदेत नेलं शेफील्डचे खासदार अँथनी जॉन मुंडेला यांनी. वडील इटलीतून आलेले निर्वासित, स्वतः लहानपणीच कामाला लागलेले आणि पुढे नॉटिंगहॅममध्ये मोज्यांचे कारखानदार झालेले. १८७८ चा गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसाय कायदा लोकांच्या तोंडी 'मुंडेला कायदा' म्हणूनच राहिला. १५ मार्च ते १५ जून हे तीन महिने सामान्य माशांना हात लावायचा नाही. दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, याच मुंडेलांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं करणारा कायदा आणला. पोरांना आणि माशांच्या पिलांना, दोघांनाही वाढायला सवड दिली म्हणायची.

नद्यांवर ते तीन महिने आजही पाळले जातात. ग्रेलिंगची गणना सामान्यांत, त्यामुळे तो १६ जून ते १४ मार्च धरता येतो, म्हणजे सगळा हिवाळा. क्लबवाल्यांनी ज्याला पंगतीबाहेर बसवलं, त्याच्यामुळेच ट्राउटच्या बंदीच्या सहा महिन्यांत माशीवाल्यांना नदीवर जाता येतं. मी जानेवारीत थंडीने कुडकुडत उभा होतो तो त्या पबमधल्या लोकांच्या कृपेने!

पण कायदा झाला तरी डॉन मरतच गेली. विसाव्या शतकात तिची गणना युरोपातल्या सगळ्यात घाण नद्यांमध्ये होऊ लागली. आजोबा सांगतात, त्यांच्या लहानपणी पाण्याचा रंग वरच्या कारखान्यात त्या दिवशी काय चाललंय यावर ठरायचा. माझ्यातल्या इंजिनिअरला यात एक साधं गणित दिसतं. शून्य अंशाच्या एक लिटर पाण्यात साधारण १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, २० अंशांना फक्त ९.१. कारखाने नदीचंच पाणी भट्ट्या थंड करायला वापरून परत सोडायचे, त्यामुळे डॉन कित्येक ठिकाणी बारा महिने २० अंशांच्या आसपास असायची. आधीच प्राणवायू कमी, त्यात मैला कुजवणारे जंतू उरलेला खाऊन टाकणार. मासा जगणार कशावर? हिवाळ्यातली बर्फगार नदी म्हणजे माशाच्या दृष्टीने मोकळी हवा असते, आणि डॉनचा हिवाळाच हरवला होता.

या कोमट पाण्याने एक चमत्कारही केला. डॉनच्या काठावर अंजिराची झाडं आहेत. पुरंदरच्या माळावर शोभतील अशी अंजिरं, शेफील्डच्या थंडीत! शेफील्ड विद्यापीठातले वनस्पतींचे अभ्यासक ऑलिव्हर गिल्बर्ट यांनी याचा उलगडा केला. लोक अंजीर खायचे, बिया मैल्यातून नदीत यायच्या आणि कोमट पाण्याच्या काठी रुजायच्या. कारखाने बंद पडल्यावर पाणी थंड झालं आणि नवी रोपं उगवणं थांबलं. उरलेली झाडं म्हणजे त्या गरम नदीची खूणगाठ. मी उभा होतो तिथे समोरच एक होतं, निष्पर्ण, कारखान्याच्या भिंतीला टेकलेलं.

१९८० च्या दशकात इथल्या पोलाद उद्योगात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. त्यात आजोबांचीही. त्याच सुमारास नदीत पुन्हा मासे दिसू लागले. मी एकदा भीत भीत विचारलं, "म्हणजे नदी जगायला तुमचा कारखाना मरावा लागला?" आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "असं सगळे म्हणतात, लव्ह. आम्हाला नदी स्वच्छ ठेवायला सांगितलं असतं तर आम्ही ती पण ठेवली असती. पोलाद बनवणाऱ्याला गाळणी बनवता येत नाही होय?"

मी त्यावर बराच विचार केला, आणि मला वाटतं ते बरोबर आहेत. नुसते कारखाने बंद होऊन नदी जिवंत होत नाही. डॉनच्या खोऱ्यात जमिनीखालून मोठी मैलावाहिनी टाकली गेली, सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं सुधारली, प्रदूषणाचे कायदे कडक झाले, मासे आणून सोडले गेले. मग स्थानिक लोकांनी बंधाऱ्यांना बगल देणारे मत्स्यमार्ग बांधायचं मनावर घेतलं. रॉदरहॅममधल्या मासबरोच्या बंधाऱ्यावरचा मार्ग २०२० मध्ये पुरा झाला आणि समुद्रापासून शेफील्डपर्यंतची सामनची वाट खुली झाली. थिओ पाइक यांनी २०१२ मध्ये शहरांतल्या पन्नास नद्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा साधारण अर्थ 'घाणेरड्या जागांतले ट्राउट' असा होतो, आणि त्यात शेफील्डही आहे. सगळं गोड झालंय असं मात्र नाही. जोराचा पाऊस झाला की गटारं तुंबतात आणि मैला थेट नद्यांत सोडला जातो. त्यावरून अलीकडे इंग्लंडभर लोक संतापलेले आहेत. पण संताप आहे, कारण गमवायला काहीतरी परत आलेलं आहे.

मी पुण्याचा. लकडी पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावायचा, हे मी नदीचं लक्षण समजूनच मोठा झालो. मुठेचं मुख्य दुखणं कारखाने नव्हे, आपल्याच घरांतलं सांडपाणी. म्हणजे डॉनच्या मानाने आपलं काम सोपं असायला हवं. असो. परदेशात बसून सल्ले देणाऱ्यांचा मलाही राग येतो, म्हणून इथेच थांबतो.

त्या रविवारी साडेदहाच्या सुमाराला दोरी क्षणभर थांबल्यासारखी वाटली. तळाच्या दगडाला अडकली असेल म्हणून काठी उचलली, तर दगड चालू लागला. दोन-तीन मिनिटं तो प्रवाहाला आडवा होऊन, पाठीचं शीड उभारून ओढत राहिला. मग ओल्या हातात आला. फूटभर लांबीचा ग्रेलिंग, पाठीच्या परावर लाल-जांभळ्या रेघा. बाहेरच्या हवेत माझे हात बधिर झाले होते, तरी तो पाण्याइतकाच थंड लागला. गळाला काटा नव्हता, त्यामुळे माशी पटकन सुटली. डोकं प्रवाहाकडे करून मी त्याला पाण्यात धरून ठेवलं. कल्ले दोनदा-तीनदा हलले आणि तो ढकलगाडीच्या सावलीत निघून गेला.

काठावर आजोबा बाकावर बसले होते. गुडघ्यांमुळे ते आता पाण्यात उतरत नाहीत. त्यांनी थर्मासमधला चहा पुढे केला आणि विचारलं, "वास आला का?"

"काकडीचा," मी म्हणालो.

"माझा बाप इथे उभा राहिला असता तर त्याला डांबराचा आला असता," ते म्हणाले, आणि दोघांनी चहा संपवला.